रडका चेहरा काढू नका, बोट कुठे फिरलं ते काढा

प्रश्न थोडक्यात असा: "बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सोशल मीडियामुळे स्वतःच्या शरीराबद्दल जो न्यूनगंड येतो, त्यावर फायनलचं काम करायचंय. स्केचेस दाखवली तर सर म्हणाले, हे जनजागृतीचं पोस्टर झालंय. कोणाकोणाचं काम बघू? पेंटिंगच करायचं ठरवलं तर ते या विषयाला जुनं पडेल का? आणि मैत्रिणींचे फोटो, चॅट वापरले तर चालतील का?"

सर बरोबर बोलले असणार. तुमची स्केचेस मी पाहिलेली नाहीत, तरी अंदाज करतो: फुटका आरसा, आरशात जाड दिसणारी बारीक मुलगी, कमरेला नाहीतर गळ्याला आवळलेली टेप, मोबाइलच्या चौकटीत कोंडलेला चेहरा आणि वरून पडणारे लाल बदाम. मी पोर्ट्रेट करतो आणि ड्रॉइंग-फोटोग्राफी शिकवतो. वार्षिक प्रदर्शनात यातलं निदान एक तरी दरवर्षी भिंतीवर असतंच. हात चांगला असतो, रंगही चांगले असतात, पण बघणारा "हो, खरंय" म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. त्याला जे आधीच ठाऊक होतं तेच परत मिळालेलं असतं.

या चित्रांत दुःख असतं, पण ते तयार कसं होतं ते नसतं. तयार होण्याची एक ठरावीक कृती आहे. तिला साधनं आहेत, पायऱ्या आहेत, तिच्यात हात चालतो. चित्रकाराला पकडण्यासारखं काही असेल तर ते तिथे आहे. या विषयावरच्या ज्या कामांकडे मी पुन्हा पुन्हा जातो त्यांत हे एक समान आहे, म्हणून नावं सांगताना त्याच अंगाने सांगतो.

आधी पेंटिंगचं, कारण तुमची शंका तिथे आहे. जेनी सॅव्हिलने 'प्रॉप्ड' हे चित्र १९९२ साली केलं, तेव्हा ती ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये तुमच्यासारखीच शेवटच्या वर्षाला होती. सात फूट उंच कॅनव्हास, उंच स्टुलावर बसलेली भरदार नग्न स्त्री, स्वतःच्याच मांड्यांत रुतलेली तिची बोटं. ओल्या रंगात खरवडून लिहिलेला मजकूर, तोही उलट्या अक्षरांत. डिग्री शोमध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात, तिने चित्रासमोर काही अंतरावर आरसा लावला होता. मजकूर सुलट वाचायचा तर आरशात बघायचं, आणि आरशात बघितलं की त्या बाईशेजारी आपणही उभे. आरसा तुमच्या स्केचमध्येही असेल, फक्त तुमचा रंगवलेला आणि तिचा कामाला लावलेला. पुढच्याच वर्षीच्या 'प्लॅन'मध्ये तिने शरीरावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या रेषा काढल्या, प्लास्टिक सर्जन ऑपरेशनआधी पेनाने खुणा करतो तशा. इन्स्टाग्राम यायला तेव्हा सतरा वर्षं होती. तरी आज ते चित्र पाहिलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची जाळीच आठवते. 'प्रॉप्ड' २०१८ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात साडेनऊ दशलक्ष पौंडांना गेलं. डिग्री शोच्या कामाला कमी लेखू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तेव्हा माध्यम जुनं पडत नाही. आता थेट फोनवरच्या कामांकडे येऊ.

नेटवर शोधलंत तर सगळ्यात आधी रँकिनचं 'सेल्फी हार्म' सापडेल. रँकिन हा ब्रिटिश फोटोग्राफर. २०१९ मध्ये त्याने १३ ते १९ वयाच्या पंधरा मुलामुलींचे साधे पोर्ट्रेट काढले आणि त्यांच्याच हातात दिले: सोशल मीडियावर टाकण्याजोगा होईपर्यंत तुम्हीच बदला. पाचेक मिनिटांत डोळे मोठे, नाक बारीक, कातडी गुळगुळीत. बहुतेकांनी शेवटी मूळ फोटोच जास्त आवडतो असं सांगितलं. काम जगभर गाजलं, पण मला ते अर्धंच वाटतं. मूळ आणि बदललेला असे दोन फोटो शेजारी लावले की बघणारा 'दहा फरक ओळखा' खेळायला लागतो, आणि फरक ओळखून झाले की "काय ही आजकालची पोरं" म्हणून मोकळा होतो. मधली पाच मिनिटं गायब! मला त्या पाच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग बघायचं होतं. बोट आधी कुठे गेलं, कुठे थांबलं, काय करून परत पुसलं, हे त्यात असतं.

ग्रेचेन अँड्र्यू या अमेरिकन चित्रकर्तीने नेमकं हेच धरलंय. तिच्या 'फेसट्यून पोर्ट्रेट्स'मध्ये आधी चेहरा तैलरंगात उतरवला जातो, आणि रंग ओला असतानाच फेसट्यून या फोटोतला चेहरा सुधारणाऱ्या अ‍ॅपने जिथे जिथे बदल केला असता तिथे तिथे यंत्राच्या हाताने तो सरकवला जातो. गाल आत ढकलला की रंग फरफटतो, ओठ फुगवला की शेजारचा रंग त्यात मिसळतो. फोनमध्ये हा बदल होतो तेव्हा माग राहत नाही, कातडी जिथून सरकली तिथलं अ‍ॅप लगेच बुजवून टाकतं. कॅनव्हासवर बुजवता येत नाही. शेजारी मूळ चित्र लावायची गरजच उरत नाही. जो चेहरा बदलला त्याच्यावरच बदलाचे वळ आहेत.

वर्गात मी यावरून एक सराव देतो, तुम्हीही करा. स्वतःचा फोटो घ्या, स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, आणि टाकण्याजोगा वाटेपर्यंत तो एडिट करा. मग रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघा आणि ट्रेसिंग पेपरवर बोटाचा मार्ग पेन्सिलीने काढा. चेहरा काढायचा नाही, नुसता मार्ग. जिथे जास्त वेळा गेलं तिथे रेषा आपोआप गर्द होते. बहुतेकांचं बोट आधी डोळ्यांखाली जातं, मग नाकाच्या कडेला, मग जबड्यावर. आणि एका बटणाकडे नीट लक्ष द्या: दाबून धरलं की मूळ फोटो, सोडलं की बदललेला. मुलं ते बटण एडिट संपल्यावरही दाबत-सोडत राहतात. चेहरा, दुरुस्ती, चेहरा, दुरुस्ती. थोड्या वेळाने मूळ फोटो आला की तोच बिघडल्यासारखा दिसायला लागतो. न्यूनगंड म्हणून तुम्ही जे म्हणताय ते मला या बटणात जितकं दिसलं तितकं कुठल्याही रडक्या चेहऱ्यात दिसलं नाही.

दुसरा सराव लेन्सचा. हातभर अंतरावरून, खरं तर हाताहूनही जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, कारण ते कॅमेऱ्याला कानांपेक्षा प्रमाणाने बरंच जवळ असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी गणिती मॉडेलवरून हिशोब मांडला: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणारे पेशंट त्यांच्याकडे येत होते, म्हणून हा खटाटोप. तुम्ही मैत्रिणीचा एक फोटो फूटभरावरून आणि एक पाच फुटांवरून काढा, दोन्हींत डोक्याची उंची सारखी येईल असे प्रिंट घ्या आणि एकावर एक ट्रेस करा. पोर्ट्रेट करणाऱ्याला हे अंतराचं गणित पाठ असतं, मॉडेलच्या नाकाशी ईझल लावून कोणी बसत नाही. फोन मात्र हाताच्या लांबीपलीकडे जात नाही, आणि त्याचा दोष नाकावर येतो.

फोटो कोणी काढला यापेक्षा कोण बघतंय, यावर काम करायचं असेल तर दोन नावं. पहिलं अमालिया उलमान ही कलाकार. २०१४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर एक बनावट आयुष्य चालवलं: लॉस एंजेलिसला आलेली साधी गोड मुलगी, मग पैशाच्या मागे लागलेली, छातीचं ऑपरेशन करून घेणारी, मग कोसळणारी, मग योगा आणि ज्यूस घेऊन सावरलेली. ऑपरेशन झालंच नव्हतं, बँडेज होतं आणि त्याचे फोटो होते. लोक शेवटपर्यंत खरं धरून चालले, कोणी शिव्या घातल्या, कोणी काळजी केली. 'एक्सलन्सेस अँड परफेक्शन्स' नावाचं हे काम पुढे लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या प्रदर्शनात लागलं. त्यातली खुबी फसवणुकीत नाही. तिने आधी पाहून ठेवलं होतं की कुठल्या तऱ्हेची मुलगी कशी उभी राहते, फोटोत कॉफी कुठे ठेवते, मजकूर कसा लिहिते. ते व्याकरण तिने इतकं अचूक उचललं की शंकेला जागा राहिली नाही. तुम्हाला तिच्याकडून घ्यायचं ते हे निरीक्षण. मैत्रिणींना फसवायचं अजिबात नाही.

दुसरं हेली मॉरिस-कॅफिएरो ही फोटोग्राफर. माझ्या लेखी या विषयावरचं सगळ्यात धाडसी काम हिचं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये तिने स्वतःचा फोटो काढला होता. नंतर बघते तर मागे उभा असलेला एक माणूस तिच्याकडे बघतोय. मग तिने गर्दीच्या जागी कॅमेरा लावून ठेवायला आणि स्वतः आपली नेहमीची कामं करत राहायला सुरुवात केली. तिच्या जाड शरीराकडे येणारेजाणारे कसे बघतात, ते 'वेट वॉचर्स' या मालिकेत आलं. २०१३ मध्ये हे फोटो नेटवर पसरले आणि तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. तिने काय करावं? शिव्या देणाऱ्यांचे उघड प्रोफाइल फोटो शोधले आणि विग, कृत्रिम नाक-गाल लावून, कपडे जमवून तीच त्यांच्यासारखी नटली. फोटोत त्यांनी लिहिलेलं वाक्य घातलं. नाव कोणाचंच नाही. विग मुद्दाम विग वाटेल असा. ही मालिका 'द बुली पल्पिट'. आपल्याला दुखावणाऱ्याचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्यावर चढवायचा आणि तो हास्यास्पद दिसेपर्यंत थांबायचं, याला जिगर लागते, आणि मेकअपचं पक्कं ज्ञानही.

स्वतःलाच वेगवेगळ्या रूपांत नटवून फोटो काढणारी सिंडी शर्मन तुम्हाला सिलॅबसमध्ये असेलच, म्हणून फार सांगत नाही. फक्त एवढं बघा की २०१७ मध्ये तिने आपलं इन्स्टाग्राम खातं सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यावर ब्युटी अ‍ॅपने चेहरे विद्रूप केले, आणि ते फोटो मोठे छापण्याइतके बारकाव्याचे नव्हते म्हणून पुढे त्यांच्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेली भिंतचित्रं, करवून घेतल्या. पिक्सेलच्या जागी धागा. अडचणीतून माध्यम सापडलं.

'सेल्फ-एस्टीम'ची बाजू चेहऱ्यापेक्षा आकड्यात जास्त आहे, आणि आकडा रंगवायचा कसा हा खरा कठीण प्रश्न. बेन ग्रॉसर या कलाकाराने २०१२ मध्ये 'फेसबुक डीमेट्रिकेटर' नावाचं ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर केलं. ते पानावरचे सगळे आकडे काढून टाकतं, "सोळा जणांना आवडलं" याचं "जणांना आवडलं" होतं. बाकी सगळं जागच्या जागी. आकडा गेला की आपण तो शोधतोय हे कळतं. पुढे २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने स्वतःच लाइकचे आकडे लपवून पाहिले आणि २०२१ पासून लपवण्याचा पर्याय ज्याच्या त्याच्यावर सोडला. तुमच्या डिस्प्लेत एका भिंतीवर चित्रं आणि शेजारी आकडे असं काही करायचं असेल तर आधी हे काम समजून घ्या.

आता आपल्याकडचं, कारण वरची सगळी उदाहरणं परदेशातली आहेत आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतील. फिल्टर आपल्याकडे फोनबरोबर आला असं समजू नका. गावोगावच्या फोटो स्टुडिओत रिटचिंगचं टेबल असायचं: दुधी काच, तिच्याखाली उजेड परतवणारा आरसा, काचेवर निगेटिव्ह, आणि सुईसारखं टोक केलेली कडक पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलीने बारीक बारीक टिपके भरले की प्रिंटवर डाग उजळतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या असेच जायचे. याच्या उलट काही गडद करायचं तर ब्लेडच्या टोकाने निगेटिव्हचा थर खरवडायचा. मुलीचा 'दाखवायचा' फोटो या टेबलावरून गेल्याशिवाय सहसा पाकिटात पडत नसे. तुमच्या गावात जुना स्टुडिओ शिल्लक असेल तर मालकाशी बोला, जुन्या निगेटिव्ह बघू द्या म्हणा. तिरप्या उजेडात धरल्या की पेन्सिलीचे टिपके चमकतात. फरक एवढाच की तेव्हा हात रिटचरचा होता आणि काम लग्नापुरतं होतं. आता हात आपलाच आहे आणि काम रोजचं.

आणि रंग. पाश्चात्त्य कलाकार वजनावर अडलेले दिसतात, आपल्याकडे वजनाच्या आधी रंग येतो. वधू पाहिजेच्या जाहिरातीतले शब्द आठवा, 'गोरी, सडपातळ', याच क्रमाने. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढला तो थेट २०२० मध्ये. फेसअ‍ॅप या फोटो बदलणाऱ्या अ‍ॅपने २०१७ मध्ये चेहरा 'हॉट' करणारा फिल्टर दिला होता, तो सावळ्या माणसांना सरळ गोरं करत होता. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली. फिल्टर लावून उजळलेल्या आणि मूळ कातडीचे रंग रंगपेटीत स्वतः मिसळून बघा, पॅलेटवर शेजारी शेजारी ठेवा. ब्युटी मोड लावल्यावर कातडीतला पिवळा-तांबूसपणा किती जातो आणि गुलाबी किती येतो, हे रंग मिसळणाऱ्यालाच कळेल. सावळ्या रंगाच्या मैत्रिणीचं पोर्ट्रेट करताना तुमचा स्वतःचा ब्रश पांढऱ्याकडे वळतोय का, हेही तपासा. वळतो, आणि त्याला फोन जबाबदार नाही. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या गोऱ्या लक्ष्मी-सरस्वती शंभरावर वर्षं आपल्या भिंतींवर आहेत. छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तो धागा हवा तर घ्या, पण एका कामात सगळं कोंबू नका.

विषय मुलींपुरता ठेवू नका हेही जाताजाता सांगतो. वर्गातल्या जिमवाल्या मुलांना छाती-दंडांच्या फोटोंबद्दल विचारून बघा.

कॉन्सेप्ट नोटमध्ये "संशोधनाने सिद्ध झाले आहे" असं ठोकून देऊ नका. २०२१ मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात कंपनीच्याच २०१९ च्या एका स्लाइडवर, किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची शरीराविषयीची अडचण आम्ही वाढवतो, असं लिहिलेलं होतं. कंपनीचं उत्तर असं, की हे प्रमाण आधीपासून अडचण सांगणाऱ्या मुलींमधलं आहे. दोन्ही लिहा. परीक्षकांपैकी कोणाला हा वाद माहीत असेल तर एकच बाजू लिहिल्याचा तुम्हालाच त्रास होईल.

शेवटचा प्रश्न, मैत्रिणींचे फोटो आणि चॅट. रिचर्ड प्रिन्स या अमेरिकन कलाकाराने २०१४ मध्ये लोकांच्या इन्स्टाग्राम पोस्ट न विचारता कॅनव्हासवर छापून न्यूयॉर्कमध्ये टांगल्या आणि त्यातल्या काही ९० हजार डॉलरपर्यंत विकल्या गेल्या. त्यावर खटले झाले. ज्यांचे फोटो उचलले त्यांतल्या एका गटाने त्याच प्रतिमा ९० डॉलरला विकून त्याचीच फिरकी घेतली. त्या वादात कलेच्या बाजूने बोलायला पुष्कळ जागा आहे, पण विषयच जर 'आपल्या शरीराकडे दुसरे कसे बघतात' असा असेल, तर न विचारता घेतलेला फोटो तुमचंच काम खोटं पाडतो. लेखी संमती घ्या. फोटो किती मोठा छापणार, कुठे लावणार, नेटवर टाकणार का, हे त्यात लिहा. डिस्प्लेच्या आदल्या दिवशीही नाही म्हणायची मुभा ठेवा, म्हणजे एक जादा फ्रेम हाताशी असू द्या. अठराच्या आतली असेल तर आईवडिलांची सही. चॅटचे स्क्रीनशॉट लावू नका. नाव पुसलं तरी कॉलेजात बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो. वाक्यं तिच्याकडून तपासून घ्या आणि तुमच्या हाताने लिहा.

आणखी एक, आणि इथे मी जरा कडक आहे. वजनाचे आकडे, कॅलरीचे हिशोब, बरगड्या दिसणारे आधीचे-नंतरचे फोटो भिंतीवर नकोत. तुम्ही इशारा म्हणून लावता, पण उपाशी राहण्याच्या नादी लागलेली मुलगी तेच नमुना म्हणून घेते. चित्रासाठी बसवलेल्या मैत्रिणीने बोलता बोलता सांगितलं की ती जेवण टाळते किंवा खाल्लेलं काढून टाकते, तर त्या दिवशी कॅमेरा बंद करा. कॉलेजच्या समुपदेशकाकडे तिच्याबरोबर जा, नाहीतर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ते तुमच्या कामाचं मटेरियल नव्हे.

म्हणून सुरुवात स्वतःच्या फोनपासून करा. टाकलेला फोटो घेऊ नका, त्याच्या आधी काढून फेकलेले घ्या. एका सेल्फीमागे नाकारलेल्यांची अख्खी रांग असते, आणि ती का नाकारली हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. आयफोनवर डिलीट केलेले फोटो 'नुकतेच हटवलेले'मध्ये ३० दिवस राहतात आणि मग कायमचे जातात. तेव्हा हे उत्तर वाचून झालं की आधी तो फोल्डर उघडा.